गल्लीतला क्रिकेटचा डाव पुन्हा कसा मांडावा

लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कोणालाही त्या दिवसांविषयी विचारून पाहावे. आपण किती धावा काढल्या किंवा किती बळी घेतले, हे त्याला क्वचितच आठवेल. पण कोणत्या खिडकीवर चेंडू आदळला की बाद, कोणत्या पायरीला लागला की दोन धावा आणि कोणत्या कुंपणापलीकडे गेला की त्या दिवसापुरता खेळ संपला, हे तो तीस-चाळीस वर्षांनंतरही न अडखळता सांगेल. या खेळाची गोडी त्या नियमांतच साठलेली आहे, असे मला वाटते. मैदानावर नियम आधी ठरलेले असतात आणि जागा त्यांच्या मापाने आखली जाते; गल्लीत जागा आधी असते आणि नियम तिच्यातून निघतात. म्हणून ज्यांना हा डाव स्वतःसाठी, किंवा ज्यांनी तो कधी पाहिलाच नाही अशा मुलांसाठी, पुन्हा मांडावासा वाटतो, त्यांनी सुरुवात बॅट आणि चेंडूच्या खरेदीपासून न करता जागेपासून करावी.

जागा पाहणे

खेळायच्या वेळेलाच त्या जागी अर्धा तास उभे राहावे. सकाळी रिकामी दिसणारी गल्ली संध्याकाळी वाहनांनी भरलेली असू शकते आणि ज्या रस्त्यावरून गाड्या सतत ये-जा करतात, तो रस्ता कितीही रुंद असला तरी या खेळासाठी सोडून द्यावा. पुढे बंद होणारी गल्ली, इमारतीमागचा फरसबंद पट्टा, गाड्या बाहेर गेल्यावर मोकळी होणारी वाहनतळाची जागा या सर्वांत चांगल्या. अधूनमधून एखादे वाहन येणारच असेल, तर "गाडी!" अशी हाक ऐकताच चेंडू कुठेही असला तरी प्रत्येकाने कडेला व्हायचे आणि तो चेंडू पुन्हा टाकायचा, एवढा एकच नियम वाटाघाटीसाठी खुला ठेवू नये. बाकीचे सर्व नियम खेळणाऱ्यांनी ठरवावेत.

त्यानंतर फलंदाजाची बाजू निवडावी. त्याच्या पाठीमागे कोरी, बिनखिडकीची भिंत असेल तर निम्मे काम झाले, कारण तीच यष्टी होते, तीच यष्टिरक्षक होते आणि सुटलेला चेंडू तीच गोलंदाजाकडे परत पाठवते. चार-पाच जणांच्या खेळात यष्टीमागे एक माणूस अडकवून ठेवणे परवडत नाही; भिंतीमुळे तो माणूस क्षेत्ररक्षणाला मोकळा होतो. संध्याकाळी खेळणार असाल तर मावळता सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांवर येणार नाही, हेही पाहावे. शक्य असल्यास पिच दक्षिणोत्तर धरावे. गल्ली पूर्व-पश्चिम असेल तर फलंदाजाची पाठ पश्चिमेकडे ठेवावी.

पिचच्या लांबीबाबत हट्ट धरू नये. मैदानावरचे पिच २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर असते, पण ते दीडशे ग्रॅमहून जड असलेल्या कातडी चेंडूसाठी. हलका चेंडू हवेतच मंदावतो, त्यामुळे मोठ्या माणसाच्या अठरा ते वीस ढांगा पुरतात आणि दहा वर्षांखालील मुलांसाठी चौदा-पंधराही चालतात. जागा याहून कमी असेल, तर हात फिरवून केलेली गोलंदाजी बंद करून खालून टाकायला सांगावे. हलका चेंडूही जवळून लागला की दुखतो. सुनील गावसकर यांना लहानपणी त्यांच्या आई घरातच टेनिसचा चेंडू टाकत असत आणि एकदा त्यांचा फटका थेट आईच्या नाकावर बसला होता. अंतर कमी असेल तेव्हा धोका फलंदाजापेक्षा गोलंदाजाला अधिक असतो, ही गोष्ट मुलांच्या लक्षात सहसा येत नाही.

यष्ट्या, बॅट आणि चेंडू

भिंतीवर यष्ट्या काढायच्या तर मापाने काढाव्यात: उंची ७१ सेंटिमीटर आणि तिन्ही मिळून रुंदी २३ सेंटिमीटरच्या आसपास. माप पाळण्याचे कारण असे की, हाताने अंदाजे काढलेल्या यष्ट्या दरवेळी थोड्या थोड्या रुंद होत जातात, आणि ज्याची बॅटिंग असते त्याला ते सर्वांत आधी दिसते. नुसत्या तीन रेघा काढण्याऐवजी आतला सगळा भाग खडूने आडवा घासून भरावा. मग चेंडू लागल्यावर त्याच्यावर खडूची पूड उतरते आणि लागला की नाही, या वादाचा निकाल चेंडू हातात घेऊन लावता येतो. भिंत नसेल तर विटांची चळत, रिकामा डबा, पालथी बादली किंवा उभे केलेले खोके यांपैकी काहीही चालते. गोलंदाजाच्या बाजूला एक वीट किंवा चपलांचा जोड ठेवला की धावबाद करण्याची सोय होते.

बॅट कोणतीही चालेल, मात्र ती मुलाच्या उंचीला जुळली पाहिजे. बॅट पायाशी उभी धरली असता तिची मूठ साधारण कमरेच्या हाडाशी यावी. मोठ्या भावाची जड बॅट घेऊन खेळणारे मूल फटका मारत नाही, बॅट केवळ ओढते, आणि ती सवय पुढे अनेक वर्षे सुटत नाही. लाकडी फळी कापून बॅट केली असेल, तर तिच्या कडा घासून गोल कराव्यात आणि मुठीला सुतळी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. घामेजलेल्या हातातून सुटलेली बॅट हा या खेळातला सर्वांत गंभीर अपघात आहे.

चेंडूवर मात्र थोडा अधिक विचार करावा, कारण खेळाचे रूप तोच ठरवतो. रबरी चेंडू उसळतो फार. तो लहान जागेत खेळणाऱ्याला पाय हलवायला आणि चेंडू शेवटपर्यंत पाहायला लावतो, पण खिडक्यांचा शत्रू आहे. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, म्हणजे कातडी चेंडूच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचा असतो आणि बहुतेक गल्ल्यांना तोच मानवतो. तो चांगला आहे का, हे पाहण्याची सोपी रीत अशी: खांद्याच्या उंचीवरून सिमेंटच्या जमिनीवर नुसता सोडावा. उसळी निम्म्याच्या थोडी वर आली तर चेंडू ताजा आहे, गुडघ्यापर्यंतच आली तर त्याच्यातील हवा गेली आहे. लव झडून गेलेला जुना चेंडू टाकून देऊ नये. टप्पा पडल्यावर सरळ निघून जाणाऱ्या त्या गुळगुळीत चेंडूवर फिरकी ओळखणे अवघड असते, म्हणून मोठी मुले तोच मागतात.

टेनिसच्या चेंडूला टेप गुंडाळण्याची कला पाकिस्तानात, विशेषतः कराचीच्या रस्त्यांवर, इतकी रुजली की टेप-बॉल हा तिथे क्रिकेटचा एक स्वतंत्र प्रकारच झाला. वायरला लावायची चिकटपट्टी घ्यावी, ती किंचित ताणत चेंडूच्या मध्यावरून एक फेरा द्यावा, त्याला छेद देणारा दुसरा फेरा द्यावा आणि मग उरलेल्या मोकळ्या जागा लहान तुकड्यांनी झाकाव्यात. एका थरावर थांबावे, कारण दोन-तीन थर चढले की चेंडू जड होऊन लागायला लागतो. सुरकुती राहिली असेल तर अंगठ्याने दाबून बसवावी. सर्वांत शेवटी मध्यावरून अरुंद पट्टीचे दोन-तीन फेरे एकावर एक दिले की शिवण तयार होते. अर्ध्याच चेंडूला टेप लावली, तर एका बाजूला गुळगुळीतपणा आणि दुसऱ्या बाजूला लव राहते, दोन्ही बाजूंनी वाहणारी हवा सारखी राहत नाही आणि चेंडू हवेत असा वळतो की पहिल्यांदा पाहणारा फलंदाज बॅट खाली आणायलाच विसरतो. कातडी चेंडू मात्र गल्लीत आणू नये, कितीही हौस असली तरी.

नियम जागेतून काढणे

आता सर्व भिडूंनी एकत्र पिचवर उभे राहून चारही बाजूंना पाहावे आणि जे जे दिसेल, त्याबद्दल बोलून घ्यावे. समोर काचेची खिडकी आहे, तर तिच्यावर थेट गेलेला चेंडू म्हणजे फलंदाज बाद. डाव्या हाताला गटार आहे, तर त्यात गेलेल्या चेंडूला दोन धावा 'डिक्लेअर', म्हणजे धावण्याची गरज नाही आणि क्षेत्ररक्षकाला घाईने हात घालण्याचीही नाही. उजवीकडे उभ्या गाड्या आहेत, तर त्या बाजूला धावाच नाहीत. झाडाला लागून खाली येणारा चेंडू झेलला तर बाद की नाही, कुत्र्याला लागला तर काय, वाळत घातलेल्या कपड्यांत अडकला तर काय, हे सगळे पहिला चेंडू पडण्याआधी ठरवावे. ज्या गोष्टीबद्दल आधी बोललो नाही, ती घडली तर तो चेंडू पुन्हा टाकायचा, हा एक सर्वसाधारण नियम जोडून ठेवावा.

असे नियम पोरखेळाचे वाटत असतील, तर कँटरबरीच्या सेंट लॉरेन्स मैदानाची आठवण ठेवावी. केंट संघाच्या या मैदानात सीमारेषेच्या आत लिंबाच्या कुळातले नव्हे, तर 'लाइम' नावाचे एक मोठे सावलीचे झाड उभे होते आणि त्याला चेंडू लागला की चार धावा, हा तिथला स्थानिक नियम प्रथम श्रेणीच्या सामन्यांतही पाळला जाई. २००५ च्या जानेवारीत ते झाड वाऱ्याने पडले. मोठ्या क्रिकेटचे सामान्य नियमही पुष्कळदा अशाच एखाद्या भांडणातून निघाले आहेत. १७७१ मध्ये टॉमस व्हाइट नावाचा फलंदाज यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन खेळायला उतरला, तेव्हा प्रतिस्पर्धी हॅम्बल्डनच्या खेळाडूंनी हरकत घेतली आणि बॅटची रुंदी सव्वाचार इंच ठरली; ती आजही तेवढीच आहे. १७७५ मध्ये 'लंपी' स्टीव्हन्स या गोलंदाजाचे चेंडू तीन वेळा दोन यष्ट्यांच्या मधून काहीही न पाडता निघून गेले, आणि त्यातून तिसरी, मधली यष्टी आली. गल्लीत दोन मुले ओट्यावर बसून "हे चालणार नाही, नियम कर" असे म्हणतात, तेव्हा ती क्रिकेटच्या घडणीचेच काम करत असतात.

काही नियम मात्र जवळजवळ प्रत्येक गल्लीत सापडतात आणि त्यांच्यामागची कारणे समजून घेतली तर ते आपल्या जागेला जुळवून घेणे सोपे जाते.

'एक टप्पा, एक हात' हा त्यांतला सर्वांत सुंदर नियम आहे, असे मी मानतो. एक टप्पा पडलेला चेंडू क्षेत्ररक्षकाने एका हाताने पकडला तर फलंदाज बाद. क्षेत्ररक्षक तीन-चारच असतात, त्यामुळे नुसता सरळ झेल क्वचित मिळतो आणि एखादा तयारीचा फलंदाज तासभर हलत नाही. या नियमामुळे त्याला चेंडू खाली ठेवावा लागतो आणि लहान मुलांनाही बळी मिळवण्याची खरी संधी मिळते. भिंतीवरून परत आलेला चेंडू एका हाताने पकडला तर बाद धरायचा का, हे वेगळे ठरवावे. अगदी लहान मुले फलंदाजी करत असतील, तेव्हा हा नियम बाजूला ठेवावा.

पायचीत गल्लीत नसतो आणि नसावा. मैदानाच्या नियमांत तो १७७४ मध्ये आला, पण त्यासाठी दोन्ही बाजूंना मान्य असा तटस्थ पंच लागतो, आणि गल्लीत प्रत्येकजण कोणत्या तरी बाजूचा असतो. त्याऐवजी मुद्दाम पाय आडवा घातला तर एकदा ताकीद आणि दुसऱ्यांदा बाद, एवढे पुरते. पहिला चेंडू 'ट्राय बॉल' म्हणून सोडावा, कारण कोणीही सराव करून आलेला नसतो आणि आदल्या दिवशीच्या पावसाने किंवा सारवणाने पिच कसे झाले आहे, हे त्या एका चेंडूत कळते. शेवटच्या भिडूला एकट्याने खेळू द्यावे. चार जणांच्या संघात तिघे बाद झाल्यावर डाव संपवणे म्हणजे एकाची संध्याकाळ वाया घालवणे. सरपटी चेंडू, म्हणजे टप्पाच न घेता जमिनीवरून घसरत नेलेला चेंडू, मोजू नये. फेकीची गोलंदाजी ओळखायला सोपी असते: कोपर वाकवून केलेली गोलंदाजी अंतर कमी असताना अतिशय वेगवान होते, म्हणून ती बंद ठेवावी. षट्काराचे म्हणाल, तर जागा लहान असेल तिथे उंच फटक्याला बाद ठरवणेच योग्य. हा नियम ऐकून नव्या मुलांचा चेहरा पडतो, पण महिन्याभरात तीच मुले दोन क्षेत्ररक्षकांच्या मधल्या हातभर फटीतून चेंडू काढू लागतात.

जागेचे बंधन कौशल्य कसे घडवते, याची उदाहरणे मोठ्या क्रिकेटमध्येही आहेत. डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरल येथील घरी पाण्याच्या टाकीच्या गोलाकार तळभिंतीवर गोल्फचा चेंडू आपटून, उलट येणारा तो चेंडू एका स्टंपने मारत असत. लसित मलिंगाची ती कानाजवळून आडवी फिरणारी गोलंदाजी श्रीलंकेतील रथगमा या समुद्रकाठच्या गावात टेनिसचा चेंडू खेळताना तयार झाली. जसप्रीत बुमरा लहान असताना दुपारी आवाजाने आईची झोप मोडू नये म्हणून भिंत आणि जमीन जिथे मिळतात, नेमक्या त्या कोनात चेंडू टाकत असे, कारण तिथे आवाज कमी होतो. पुढे त्याच्या यॉर्करने फलंदाजांची यष्टी कशी उखडली, ते आपण पाहतोच.

भिडू पाडणे आणि वाद मिटवणे

संघ करताना दोन चांगल्या खेळाडूंनी आळीपाळीने एकेक भिडू मागून घ्यावा. ज्याने पहिला भिडू घेतला, त्याच्या प्रतिस्पर्ध्याने पुढचे दोन घ्यावेत, म्हणजे तोल राहतो. या पद्धतीत सर्वांत शेवटी उरणाऱ्या मुलाला वाईट वाटते, हे मात्र लक्षात ठेवावे. संख्या विषम असेल तर त्याला 'कॉमन' करावे. तो दोन्ही बाजूंनी खेळतो, त्याला दोनदा बॅटिंग मिळते आणि दुःखाचे रूपांतर हेव्याच्या विषयात होते. अगदी लहानग्याला 'कच्चा लिंबू' म्हणून घ्यावे: तो बाद झाला तरी बाद नाही, त्याला चेंडू हळू टाकायचा, पण त्याच्या धावा मोजायच्या. त्या धावा न मोजल्यास तो खेळात नसून केवळ खेळाच्या जागेत उभा असतो, आणि हे त्याला पाचव्या वर्षीही समजते.

नाणेफेकीला नाणे नसेल तर 'ओली-सुकी' करावी. चपट्या दगडाच्या किंवा खापरीच्या एका बाजूला थुंकीऐवजी पाण्याचे बोट लावावे आणि ती उंच उडवावी. संघच नसतील आणि प्रत्येकजण स्वतःसाठी खेळणार असेल, तर नंबर पाडावेत: एकाने जमिनीवर जितके भिडू तितक्या रेघा ओढून प्रत्येकीच्या टोकाशी आकडा लिहावा, आकड्यांवर बॅट आडवी ठेवावी आणि बाकीच्यांनी एकेक रेघ धरावी. बॅट उचलली की बॅटिंगचा क्रम मिळतो. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, ही जुनी रीत पहिल्याच दिवशी मोडलेली बरी. ती टिकली की बॅटचा मालक बाद झाल्यावर बॅट घेऊन घरी जातो.

धावसंख्या प्रत्येक चेंडूनंतर फलंदाजाने मोठ्याने म्हणावी. षटकाच्या शेवटी मोजायला बसले की हमखास दोन धावांचा फरक निघतो. पंच बॅटिंग करणाऱ्या बाजूचाच असतो, म्हणून त्याच्या निर्णयाला एक मर्यादा घालावी: दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्या भिडूंना, म्हणजे सर्वांत जुन्या दोघांना, पटले नाही तर चेंडू पुन्हा टाकायचा. तरीही एखादा रडीचा डाव खेळेल. त्याला खेळातून काढू नये. पुढच्या षटकात त्यालाच पंच करावे, हा उपाय मी अनेकदा परिणामकारक होताना पाहिला आहे.

शेजारी

ज्यांच्या खिडक्या, अंगणे आणि गाड्या पिचच्या आवाक्यात येतात, त्यांच्याकडे चेंडू जाण्याआधी आपण जावे. कोणत्या वेळेत खेळू, कधी थांबू आणि काच फुटलीच तर भरून देऊ, हे मुलांनीच, शक्यतो सर्वांनी मिळून सांगावे. काचेची भरपाई ज्याने फटका मारला त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नये, तिच्यासाठी वर्गणी काढावी, कारण त्याने तो चेंडू सर्वांच्या संमतीने ठरलेल्या खेळातच मारलेला असतो. चेंडू आणायला मात्र ज्याने मारला त्यानेच जावे आणि फाटकातून, हाक मारून, विचारून आत जावे. कुंपणावरून उडी मारणे, पत्र्यावर चढणे, गटाराचे झाकण उचलणे हे वर्ज्य समजावे. यासाठी एक जादा चेंडू नेहमी जवळ असावा, म्हणजे हरवलेल्या चेंडूसाठी कोणी जिवावर उदार होणार नाही. ज्या घरातून तक्रार येते, त्या घरातल्या एखाद्याला शनिवारी पंच म्हणून बोलावून पाहावे. दुपारच्या झोपेच्या आणि परीक्षांच्या दिवसांत आपण होऊन वेळ पुढे ढकलली, तर वर्षभराची परवानगी मिळते.

हे सगळे मांडून झाले की मोठ्यांनी बाजूला व्हावे. पहिले दोन-तीन दिवस सोबत खेळावे, नियम कसे बोलायचे ते दाखवावे आणि नंतर खिडकीतून पाहावे. आपल्या लहानपणीचे नियम मुलांनी जसेच्या तसे घ्यावेत, ही इच्छा स्वाभाविक आहे, पण त्यांच्या गल्लीत ते झाड नाही, ती पायरी नाही. त्यांना त्यांच्या पायऱ्या शोधू द्याव्यात.

दिवस मावळू लागला की चेंडू सर्वांत आधी दूरच्या क्षेत्ररक्षकाला दिसेनासा होतो. त्याने सलग दोन चेंडू चुकवले की 'शेवटची ओव्हर' जाहीर करावी आणि त्यानंतर कोणी कितीही विनवले तरी ती वाढवू नये. चेंडू त्या रात्री कोणाकडे राहील ते आळीपाळीने ठरवावे, विटा भिंतीकडेला सारून ठेवाव्यात आणि जो भिडू नाबाद राहिला असेल, त्याचे नाव व धावा खडूने भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी लिहून ठेवाव्यात. उद्या त्याची बॅटिंग तिथूनच पुढे सुरू होईल.